आधी पाळणाघर शोधा, मग घर

लातूरहून एका ताईंनी विचारलंय. नवऱ्याला हिंजवडी फेज टूमध्ये नोकरी लागली आणि त्यांची स्वतःची बँकेतली बदली शिवाजीनगरला झाली. मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा. सासूबाई वर्षातले चार-सहा महिने सोबत राहणार. भाडं ३० हजारांच्या आत हवं. मारुंजीला नव्या टॉवरमधला फ्लॅट आवडलाय, तिथून नवऱ्याचं ऑफिस दहा मिनिटांवर. टोकन देऊन टाकायचं का? की भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा तिथेच विकत घ्यावा?

ताई, टोकन देऊ नका, निदान आठ दिवस तरी. आणि विकत घ्यायचा विचार वर्षभर बाजूला ठेवा.

मी गेली वीस वर्षं पुण्यात बदलीवर येणाऱ्या कुटुंबांना घर शोधून देते. सुरुवातीला मीही सगळ्यांसारखाच पहिला प्रश्न विचारायचे, "ऑफिस कुठे?" आता विचारते, "सगळ्यात लहान कोण, आणि दिवसभर त्याच्याजवळ कोण असणार?" कारण ऑफिसपासून जवळ म्हणून घर घेतलेली आणि वर्षाच्या आत पुन्हा टेम्पो बोलावून सामान हलवलेली कितीतरी कुटुंबं मी पाहिलीत. आणि ज्यांनी मुलाच्या दिवसाप्रमाणे घर निवडलं ती माणसं एका घरात चार-पाच वर्षं टिकली, एवढं मात्र खात्रीने सांगते.

तुमच्या घरातला दिवस डोळ्यांपुढे आणा. मारुंजीहून नवरा दहा मिनिटांत ऑफिसात. तुम्ही मात्र भुमकर चौक, वाकड, औंध, विद्यापीठ चौक असं करत शिवाजीनगर गाठणार. गर्दीच्या वेळी एका बाजूला सव्वा-दीड तास धरा, पावसाळ्यात त्याहून जास्त. २०२५ च्या जूनमध्ये एका सकाळच्या पावसात हिंजवडीचे रस्ते ओढ्यासारखे वाहिले होते. आता समजा दुपारी तीनला पाळणाघरातून फोन आला की बाळाला ताप आहे. नवरा मीटिंगमध्ये असला तर? दोन पगारांच्या घरात एकाचंच ऑफिस जवळ असणं फार महाग पडतं, आणि ती किंमत बहुतेक वेळा आईच मोजते. मी हे वारंवार पाहिलंय म्हणून एवढं स्पष्ट लिहितेय.

म्हणून नकाशावर पहिली खूण पाळणाघराची करा. दोघांपैकी कुणालाही पाऊण तासात पोचता येईल, आणि घरापासून सासूबाईंना चालत जाता येईल अशा जागी. घर त्या खुणेभोवती पाच-सातशे पावलांत शोधायचं.

पाळणाघर बघायला सकाळी अकराला जाऊ नका, तेव्हा सगळीच पाळणाघरं छान दिसतात. संध्याकाळी साडेपाच-सहाला जा. मावश्या थकलेल्या असतात, मुलं कंटाळलेली असतात, आई-बाबा अजून यायचे असतात. त्या वेळी रडणाऱ्या मुलाला कोण उचलतं, किती वेळाने उचलतं, ते दारात उभं राहून बघा. परभणीहून आलेल्या एका आईबरोबर मी असंच एका पाळणाघरात गेले होते. भिंतींवर ससे-हत्ती रंगवलेले, एसी, कॅमेरे, सगळं होतं. कोपऱ्यात एक वर्षभराचं लेकरू ओल्या लंगोटात बसलं होतं, रडायचंही थांबलं होतं. मावशी एकटी, आणि तिच्याकडे बारा मुलं. आम्ही तिथून निघालो आणि दोन गल्ल्या सोडून एका काकूंच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत पोचलो. तिथे सहा मुलं होती, दाराला आतून उंचावर कडी होती, स्वयंपाकघराला फळी लावलेली, आणि काकूंना प्रत्येक मुलाने दुपारी काय खाल्लं ते तोंडपाठ होतं. त्या कुटुंबाने मग काकूंच्या घरासमोरच्याच इमारतीत फ्लॅट घेतला. इमारत जुनी होती, लिफ्ट कुरकुरायची, पण चार वर्षं ते तिथेच राहिले.

एक गोष्ट दोघांच्याही ऑफिसात विचारा. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय द्यावी लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं. बऱ्याच ठिकाणी ही सोय बाहेरच्या पाळणाघराशी करार करून दिलेली असते आणि कुणी विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. एचआरला लेखी विचारा. उत्तर 'हो' आलं तर घर शोधायची जागाच बदलू शकते.

आता भाग कुठला? तुमच्यासाठी मी पिंपळे सौदागरपासून सुरुवात करेन. तिथून हिंजवडी वाकडमार्गे सरळ आहे आणि तुमच्यासाठी मेट्रो आहे. पिंपरी ते स्वारगेट ही मार्गिका नाशिक फाटा, कासारवाडी, दापोडी, खडकी करत थेट शिवाजीनगरला जाते. पिंपळे सौदागरहून नाशिक फाट्याचं किंवा कासारवाडीचं स्टेशन रिक्षाच्या अंतरावर आहे. एकदा डब्यात बसलात की विद्यापीठ चौकाची कोंडी, पाऊस, मिरवणुका, कशाचाच तुमच्या वेळेवर परिणाम होत नाही, आणि बाळ घरी असलेल्या आईला आपण किती वाजता पोचणार हे माहीत असणं फार मोठं असतं. शिवाय सांगवी ते किवळे बीआरटीचा, म्हणजे बसला वेगळी मार्गिका असलेला, रस्ता जवळून जातो. जुन्या सोसायट्यांत तुमच्या पैशात टू बीएचके मिळतो, बागा आहेत, बालरोगतज्ज्ञांचे दवाखाने चालण्याच्या अंतरावर आहेत. ते जमलं नाही तर पिंपळे गुरव, नवी सांगवी बघा. औंध राहायला उत्तम, पण ३० हजारांत जुनं आणि लहान घर मिळेल. वाकडमध्ये कस्पटे वस्तीच्या बाजूला बघितलंत तर चालेल, हायवेच्या पलीकडे मात्र लहान मुलांना घेऊन जाऊ नका.

हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचं गाजर तुम्हाला प्रत्येक एजंट दाखवेल. सुमारे २३ किलोमीटरची ही तिसरी मार्गिका माणपासून हिंजवडी, बालेवाडी, बाणेर करत येते, आणि या भागाला तिचा फायदा नक्की आहे. पण भाड्याचं घर निवडताना माझा नियम साधा आहे: ज्या स्टेशनवर तुम्ही स्वतः तिकीट काढून गाडीत बसलात, तेवढंच धरायचं. खांब बघून घर घेऊ नका.

मारुंजीबद्दल माझा मुख्य आक्षेप प्रवासाचा नाहीच, पाण्याचा आहे. तुम्ही लातूरच्या, तुम्हाला मी पाण्याचं काय सांगणार. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा तुम्ही घागर-हंड्यांच्या रांगा बघितल्या असतील. पण पुण्याची पाणीटंचाई तशी उघडी दिसत नाही. ती सोसायटीच्या मेंटेनन्सच्या बिलात लपलेली असते. नळ उघडला की धो धो पाणी येतं, आणि ते महिनोन्महिने टँकरचं असतं.

त्यासाठी आधी समजून घ्या की ज्याला सगळे सरसकट 'पुणे' म्हणतात ते एक गाव नाही. पुणे महापालिका आहे, पिंपरी-चिंचवड महापालिका आहे, आणि हिंजवडी, माण, मारुंजी ही गावं मी हे लिहितेय तोवर ग्रामपंचायतीत आहेत. त्यांच्या बांधकाम परवानग्या पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, देतं. सूस, म्हाळुंगे, नांदेड, किरकटवाडी धरून २३ गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, त्याआधी २०१७ मध्ये ११ आली. गाव महापालिकेत येतं त्या दिवशी महापालिकेची पाइपलाइन येत नाही, तिला कित्येक वर्षं लागतात. तोवर अनेक ठिकाणी पाण्याची जबाबदारी बिल्डरने परवानगीच्या वेळी हमीपत्रावर घेतलेली असते. सोसायटी हस्तांतरित झाली की ती हळूच रहिवाशांच्या गळ्यात येते. पिंपरी-चिंचवडमध्येही, म्हणजे मी सुचवलेल्या पिंपळे सौदागरमध्येसुद्धा, २०१९ च्या नोव्हेंबरपासून पाणी एक दिवसाआड येतं. उन्हाळ्यात तिथल्या मोठ्या सोसायट्याही टँकर मागवतात. फरक एवढाच की तिथे मुळात नळाचं, पवनेचं शुद्ध केलेलं पाणी आहे आणि टँकर वरची भर आहे. मारुंजीच्या टॉवरमध्ये टँकर हाच मुख्य स्रोत आहे का, ते तुम्हाला शोधायचंय.

कसं शोधायचं? एजंटला विचारू नका, तो 'चोवीस तास पाणी' म्हणणार आणि त्याचं ते खरंही असतं. सकाळी पावणेसातला गेटवर जा. वॉचमनच्या केबिनमध्ये गाड्यांच्या नोंदीची वही असते. तिच्यात टँकर आत आल्याची वेळ आणि गाडी नंबर लिहिलेला असतो. मी वॉचमनदादांना नमस्कार करून, "दादा, इथे राहायला येतोय, लहान बाळ आहे," असं म्हणते आणि वही बघू का विचारते. बहुतेक जण दाखवतात, काही जण तर आपणहून सांगतात, "ताई, एप्रिलमध्ये दिवसाला आठ आठ येतात." मागची पानं उलटून मार्च-एप्रिलची मोजा. मग ज्या फ्लॅटला तुम्ही टोकन देणार त्याच्या वरच्या किंवा शेजारच्या घराची बेल वाजवा, आणि त्या घरातल्या बाईंना दोन गोष्टी विचारा: बाळाच्या अंगाला खाज येते का, आणि तुमच्या फिल्टरची कँडल किती दिवसांनी बदलता. पिवळी पडलेली कँडल आणि गिझरच्या नळावरचा पांढरा थर खोटं बोलत नाहीत.

मी यावर इतकं का थांबतेय? २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीकडे, जीबीएस म्हणजे गिया बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले, काही जण दगावले, आणि दूषित पाण्याशी त्याचा संबंध जोडला गेला. तिथे मी बसवून दिलेलं एक कुटुंब होतं, साताठ वर्षांची मुलगी असलेलं. त्या मुलीला काही झालं नाही, पण तिच्या आईने त्या महिन्यात मला रोज फोन केला. तेव्हापासून लहान बाळ असलेल्या घराला मी भाडं आणि डिपॉझिटच्या आधी पाण्याचा स्रोत विचारायला लावते. राहायला गेलात की पहिले पंधरा दिवस बाळाला उकळून गार केलेलंच पाणी द्या, फिल्टर असला तरी.

पाण्याचीच दुसरी बाजू पुराची. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून रात्रीत मोठा विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीतल्या माणसांना पहाटे बोटीतून काढावं लागलं. २०१९ च्या २५ सप्टेंबरला पुण्यातल्या आंबिल ओढ्याच्या पुराने कित्येक जीव घेतले, तेही धरणाच्या पाण्याविना, नुसत्या एका रात्रीच्या पावसाने. तुम्ही जे भाग बघाल त्यांत मुळा आणि पवना दोन्ही नद्या आहेत. जलसंपदा विभागाने नदीकाठी निळी रेषा आणि लाल रेषा आखल्यात. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतलं घर कितीही स्वस्त असलं तरी नको. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले मे २०२५ मध्ये पाडले गेले, आणि त्यांत राहणारी माणसं तुमच्या-माझ्यासारखीच पगारदार होती. भाडेकरूला महापालिकेत जाऊन नकाशे काढायला वेळ नसतो, म्हणून सोपी तपासणी सांगते. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये उतरा आणि भिंतीवर आडवा ओलीचा पट्टा दिसतो का बघा. मग कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, "इथे पाणी कुठवर येतं?" 'येतं का' विचारलंत तर तो नाही म्हणेल.

शाळेचं मी थोडक्यात सांगते, कारण तुमच्या मुलीला अजून वेळ आहे. महाराष्ट्रात पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात. आत्ता मोठ्या नावाच्या शाळेमागे लागून तिला पाऊण तास बसमध्ये बसवू नका, साडेचार वर्षांचं मूल बसमध्ये झोपतं आणि घरी येऊन चिडचिड करतं. पहिलीपर्यंत चालत जाण्याजोगी बालवाडी किंवा केजी पुरे. एक गोष्ट मात्र आजच ध्यानात ठेवा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांसाठी तुम्ही पात्र असाल, तर शाळेपासून घराचं अंतर मोजलं जातं, एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी प्राधान्य. वंचित गटात मोडणाऱ्यांना उत्पन्नाची अट नसते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आणि पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार नोंदणीकृतच लागतो, अर्ज भरण्याआधीचा. तेव्हा पुढच्या वर्षीच्या शाळेचा निर्णय अर्धा आत्ताच्या घराबरोबर होतोय.

भाडेकराराचं म्हणूनच नीट ऐका. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही, नोटरी करून घेऊ" असं घरमालक किंवा एजंट म्हणतील. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, महिने अकरा असोत की साठ. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे आणि न केल्यास शिक्षाही त्यालाच आहे. हल्ली माणूस घरी येऊन अंगठे घेऊन अर्ध्या तासात नोंदणी करून जातो. करारात 'लॉक-इन', म्हणजे घर सोडता येत नाही असा काळ, किती महिने ते वाचा. सहा महिन्यांपेक्षा जास्त मान्य करू नका. लहान मुलांच्या घराला निघायची वाट मोकळी हवी. मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, आणि टँकरचा वाढीव खर्च कुणाचा, हे दोन्ही शब्दांत लिहून घ्या. माझ्या एका कुटुंबाला उन्हाळ्यात टँकरपोटी महिन्याला जादा रक्कम मागितली गेली, करारात ओळ नव्हती, आणि डिपॉझिटमधून कापून घेतली गेली. मी काही करू शकले नाही.

विकत घेण्याबद्दल तुम्हाला घाई कशामुळे झाली ते मला कळतं. भाडं म्हणजे पैसे वाया, असं आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडतं. पण तुम्ही अजून या शहरात एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढलेला नाही. बाळ चालायला लागलेलं नाही, बँकेत पुढची बदली कुठे हे ठरलेलं नाही. एक वर्ष भाड्याने राहा, त्या काळात शनिवारी-रविवारी महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटवर प्रकल्प बघत राहा, पूर्ण झालेल्या इमारतींचं भोगवटा प्रमाणपत्र मागायची सवय लावून घ्या. वर्षाच्या भाड्यात तुम्ही शहर शिकताय, मी तर त्याला शिकवणीची फीच म्हणते. घाईत घेतलेल्या फ्लॅटचं कर्ज वीस वर्षांचं असतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं. बघायला रविवारी येऊ नका, रविवारी पुणं फार सोपं वाटतं. गुरुवारी रात्री लातूरहून निघा, शुक्रवारी सकाळी पोचा. सकाळी साडेआठला पिंपळे सौदागरहून नवऱ्याला हिंजवडीकडे पाठवा आणि तुम्ही नाशिक फाट्याहून मेट्रोने शिवाजीनगरला जाऊन या. दोघांनीही दारापासून दारापर्यंतची वेळ लिहून ठेवा. दुपारी दोन घरं बघा, फक्त दोनच. पाचपेक्षा जास्त घरं एका दिवसात बघितली की सगळ्यांची स्वयंपाकघरं डोक्यात एक होतात. साडेपाचला पाळणाघर. शनिवारी पावणेसातला गेट आणि वॉचमनची वही. बाळाचं माता-बाल संरक्षण कार्ड पर्समध्ये असू द्या. बाळ सोळा महिन्यांचं झालं की बूस्टर आणि गोवरची दुसरी मात्रा द्यायचीय, तेव्हा जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात लसीकरण कुठल्या वारी असतं ते त्याच फेरीत विचारून घ्या. तिथे लस मोफत असते.

आणि सासूबाईंना सोबत आणा. "त्यांना कशाला दगदग" असं म्हणून बहुतेक जण आईला गावीच ठेवतात. पण तुम्ही दोघं बारा तास बाहेर, आणि त्या भागात खऱ्या अर्थाने राहणार त्याच. मागच्या वर्षी तुमच्या लातूरकडच्याच, अहमदपूरच्या एका आजींना मी अशीच घेऊन फिरले. घर सगळ्यांना पसंत होतं. आजी काही न बोलता बाळाला कडेवर घेऊन गेटबाहेर गेल्या, बागेपर्यंत चालल्या, परत आल्या. म्हणाल्या, "फुटपाथ तीन ठिकाणी तुटलाय, मध्ये गाड्यांचा रस्ता ओलांडायला कुणी थांबत नाही, आणि बाकावर बसलेल्या एकीनेही माझ्याशी मराठीत शब्द काढला नाही. मी इथे आजारी पडेन." मुलाचा चेहरा उतरला, पण आम्ही पुढच्या गल्लीतलं दुसरं घर बघितलं. तिथे खाली पिठाची गिरणी होती, समोर मारुतीचं देऊळ, आणि बागेला जायला रस्ताच ओलांडावा लागत नव्हता. आजी देवळाच्या पायरीवर टेकल्या, शेजारी बसलेल्या बाईंना विचारलं, "तुम्ही कुठल्या?" त्याही लातूरकडच्या, औशाच्या निघाल्या. भाडं दीड हजाराने जास्त होतं. करार त्याच संध्याकाळी झाला.